अर्पिताच्या कंप्युटरला चालेल असं इंटरनेट

“तुमची ही सीडी आमच्या कंप्युटरवर चालून नाही राह्यली!”

दिग्रसच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याशेजारच्या त्या एवढ्याशा दुकानात अर्पितानं इंटरनेटचं पाकीट काउंटरवर आपटलं, तेव्हा समोरचा मुलगा केसांतली रुई झटकत होता. त्यानं वर पाहिलं... आणि झटकायचंच विसरला.

“विंडोज कोणतं हाय?”

“विंडोज नाहीच. लिनक्स हाय.”

“लिनक्स? अन् दिग्रसात?” तो हसला. “कायले पाळलं हे झंझट?”

“बाबांनी टाकलं. मासिकासोबत फुकट सीडी आली होती.”

“मग बाबांनाच पाठव. आम्ही दोघं बसतो डोकं खाजवत.”

“बाबा दिवाळीत गेले.”

त्याचे कान लालभडक झाले. नाव अक्षय. तिच्यासारखाच बारावीला, पण दुसऱ्या कॉलेजात. दुपारी मामाच्या दुकानात बसायचा.

“या कंपनीचं फक्त विंडोजवर चालते,” तो हळूच म्हणाला. “विंडोज टाकून देऊ का? जुनं पुसलं की अर्ध्या तासाचं—”

“नाही!” ती एवढ्यानं ओरडली की रस्त्यावरचा माणूस वळून बघायला लागला. “त्यात बाबांचा आवाज हाय.”

अक्षयनं पाकीट परत फळीवर ठेवलं. “मग सरकारी टेलिफोनवालं घे. त्याले सीडीच नाही लागत. नंबर, नाव, पासवर्ड, झालं. फक्त तुह्या कंप्युटरातला मोडेम लिनक्स ओळखत नसन. बाहेरून लावायचा डबा आणा लागन.”

“यात तुमचा काय फायदा?”

“मामाचा काहीच नाही. अन् माहा...” तो गडबडला. “बघाले घरी या लागन ना!”

आणि तो आला. रोज पाचच्या ठोक्याला यायचा. आई चहा ठेवायची, हा काळ्या पडद्यावर काहीबाही टाइप करायचा, आणि अर्पिता उगाच वेणी सोडून पुन्हा घालायची. एका संध्याकाळी तिनं हेडफोनचा एक कान त्याच्या कानाला लावला, दुसरा स्वतःच्या. दोघांची डोकी एकमेकांना टेकली.

*एक... दोन... अप्पू, ऐकू येते का गं? अप्पू?*

अक्षयनं डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा ते ओले होते. तिला तो आवडला, तो नेमका तेव्हाच.

पण घरचा टेलिफोन आठवडाभर मुका पडला. शेवटी दुकानातल्या टेलिफोनवर लावून बघायला कंप्युटर सायकलवर बांधून तिकडे न्यायचं ठरलं.

“आधी बाबांचा आवाज सीडीवर उतरवतो, मगच बाकीचं,” अक्षय म्हणाला. “माह्यावर सोड.”

तिनं सोडलं.

दुसऱ्या दिवशी तो संध्याकाळी सात वाजता आला. दारातच उभा राहिला.

“मी सकाळी यवतमाळला गेलतो, मोडेम अन् कोऱ्या सीड्या आणाले. मशीनवर ‘पुसू नका’ अशी चिठ्ठी लावायची राहून गेली, अर्पिता. आमच्या दुकानात आलेलं मशीन आधी पुसतात, विंडोज टाकतात, अन् मग तक्रार विचारतात. मामानं तेच केलं. मी आल्यावर दुपारभर परत काढाले बघितलं. काहीच नाही निघालं.”

अर्पितानं चौकट धरली. आत आईचा कुकर शिट्ट्या देत होता.

“मामा म्हणे, डिस्क आपोआप खराब झाली म्हणून सांग.”

“सांगायचं होतं मग. मी मानलं असतं.”

“म्हणूनच खोटं नाही सांगितलं. तू मले आवडते. तू जन्मभर माह्यावर भरोसा ठेवला असता, अन् मले... मले ते झेपलं नसतं.”

तिच्या कानात काहीच वाजत नव्हतं. तिला आठवायचं होतं, अगदी आत्ता, बाबा ‘अप्पू’ म्हणताना शेवटी स्वर वर न्यायचे की खाली... आणि आठवेना.

“जा,” ती म्हणाली.

तो वळला, पायऱ्या उतरला, सायकलचं स्टँड काढलं.

“अक्षय.”

“हं?”

“उद्या पाच वाजता ये.” तिचा आवाज फाटला. “चहा देईन. बोलणार नाही.”

“किती दिवस?”

“मले काय माहीत!” ती रडत म्हणाली. “येत राहा.”