खंडेनवमीला उचललेला पाना

"क्लच घसरतोय! तवंदी घाटात गाडी नुसती ओरडते, चढत न्हाय..." रागारागानं आमच्या गॅरेजात आलेला तो तरुण मला बघून थबकला. "मिस्त्री कुठं हैत?"

"आप्पा जेवायला गेल्यात. मी त्यांची लेक, मला सांगा."

"तुम्हाला?"

"का? घाट काय बाप्यांनाच कळतोय व्हय?"

तो हसला, आणि मी उगाचच कपाटातल्या स्प्रिंगा शोधू लागले. त्या स्प्रिंगा माझ्या समोरच होत्या.

तो रघुवीर. निपाणीच्या तंबाखूच्या व्यापाऱ्याचा थोरला मुलगा. दोन माणसांची उघडी मोटार, आणि ती पळवायचं भारी वेड. क्लचला नव्या कडक स्प्रिंगा बसल्या, तरी त्याच्या बेळगावच्या खेपा काही थांबेनात. कधी गिअर अडतो, कधी नुसतंच, "आवाज ऐका बरं जरा..." आवाज मला कधीच ऐकू आला नाही. माझ्या छातीतलाच इतका मोठा होता!

मग आप्पांनी मुंबईहून क्राऊनच्या दोन जोड्या मागवल्या. इंजिनाचा जोर मागच्या चाकांना देणारी ही दातेरी जोडी. एक घाटाची, एक सपाटीवर पळायची.

"कुठली बसवून घेऊ?" त्यानं विचारलं.

"घाटाची. पळ कमी मिळंल, पण चढाला दम सुटायचा न्हाय."

"मला तर पळायला आवडतंय."

"मग बेळगावला यायचं कसं?" मी बोलून गेले आणि जीभ चावली.

"घाटाचीच बसवा," तो हळूच म्हणाला.

किती वेडी होते मी! त्या दिवसापासून मनातल्या मनात मी निपाणीची सून झाले होते.

खंडेनवमीला आप्पांनी सगळी हत्यारं मांडून पूजा केली आणि आत्याकडे खानापूरला गेले. त्या दिवशी हत्याराला कुणी हात लावत नाही. दुपारी रघुवीर आला. चेहरा उतरलेला.

"सपाटीची जोडी बसवायची हाय, कल्याणी. उद्या पुण्यात मैदानावर शर्यत... सांजच्याला साखरपुडा. मुलीच्या वडिलांनीच शर्यत ठेवलीया. लगीन झाल्यावर मला तिथंच ठेवून घेणार हैत."

"तुम्ही व्हय म्हणालात?"

"बाबांपुढं माझं काय चालतंय?" मग एकदम पुढं झुकून म्हणाला, "तूच न्हाय म्हण. आज हत्यारं उचलत न्हाईत म्हण. गाडी अडकली अशी तार करतो मी."

"आणि परवा?"

"परवा... बघू की."

बघू की! एवढंच? मला स्वतःच्या तोंडानं सांगणारा माणूस हवा होता, नवमीच्या आडोशाला लपणारा नको. मी झेंडूची फुलं बाजूला केली, हळद-कुंकू लागलेला पाना उचलला.

"कल्याणी! पूजेतला पाना..."

"जॅक लावा."

दिवस कलेपर्यंत आम्ही दोघं गाडीखाली होतो. तो दिवा धरायचा, मी नट सोडायची. ग्रीसनं माखलेले हात एकमेकांना लागत होते. एकदा त्यानं माझ्या कपाळावरची बट मागं सारली, तेव्हा मला हुंदका आला. तेवढाच काय तो आमचा संसार.

शेवटचा नट आवळून मी बाहेर आले. "माझं प्रेम हाय तुमच्यावर," मी म्हणाले. "थांबा. कुणाच्या नावावर न्हाय, स्वतःच्या मनानं थांबा."

तो रडला. खरंच रडला... आणि रडतरडतच त्यानं गाडी सुरू केली.

तिन्हीसांजेला आप्पा परतले. विस्कटलेली पूजा बघून दारातच थांबले. "कुणी उचललं हत्यार?"

"मी."

"कुणाची गाडी एवढी नडली होती, बाय?"

मी पाना पुसून परत झेंडूच्या फुलांत ठेवला. आप्पा जवळ आले, माझे काळे हात बघितले, आणि बादलीतलं पाणी घेऊन स्वतःच ते धुऊ लागले.