नवरीची कडी

१९६१ साली पनवेलमध्ये मुद्रित केलेल्या एका ध्वनिफितीच्या अगदी टोकाला एका स्त्रीने गायलेली एक ओळ ऐकू येते. मुद्रणाच्या वेळी ती ओळ त्या खोलीत कोणीही गायली नव्हती.

हे घडलेले आहे.

ज्यांना अमावास्या आणि वडाचे झाड हवे असेल त्यांची निराशा होईल. घटना चैत्रातल्या भर दुपारची आहे. आणि जो माणूस तिच्याजवळ हातभर अंतरावर बसला होता, तो पदार्थविज्ञान शिकवत असे.

हायम वाकरूळकर त्याचे नाव. नोकरी मुंबईच्या एका महाविद्यालयात, घर पनवेलला, सिनेगॉगच्या मागच्या आळीत. ज्याचे मोजमाप होत नाही त्यावर बोलू नये, असा त्याचा बाणा होता. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू लोकांच्या, आळीतल्या म्हाताऱ्या बायका भुताखेताच्या गोष्टी सांगू लागल्या की तो उठून अंगणात जाई.

त्याचा शाळेपासूनचा मित्र जवळच्या ओवे गावचा धर्मराज घरत. आगरी घरातला, गावातला पहिला एम.ए. आता पीएच.डी.साठी तो धवल्यांवर संशोधन करत होता. धवले म्हणजे लग्न लावताना गायची गाणी. ती गाते ती धवलारीण. धर्मराजच्या गावात लग्न तीच लावी. ती गायली नाही, तर लग्न लागले असे कोणी मानत नसे.

धवले नुसते लिहून आणणे पुरेसे नाही, आवाज हवा, असे त्याच्या मार्गदर्शकांनी बजावले होते. हायमच्या महाविद्यालयात ध्वनिमुद्रणाचे यंत्र होते, ते त्याने घरी आणून ठेवले. ओव्यात वीज नव्हती. म्हणून धर्मराज गावच्या धवलारणीला, भामाकाकीला, बैलगाडीतून हायमच्या घरी घेऊन आला.

फीत कोरी होती. डब्याचे वेष्टन हायमने स्वतःच्या हाताने फोडले. हे पुढे महत्त्वाचे ठरते.

भामाकाकी यंत्रासमोर पाय मुडपून बसली.

"गा ना, काकी," धर्मराज म्हणाला.

"कोनाचं लगीन हाय?"

"कुनाचंच नाय. नुसता गायचाय."

"नुसता नाय गात. नवरा-नवरीचं नाव नाय घेतलं, तं धवला कोनाला लागंल? या पेटीला?"

धर्मराज हसला. "मंग माजं नाव घे. माजं लगीन आलंच हाय."

"आन नवरीचं? उरनच्या गोदूचं घेव?"

"नको, तिचं खरं लगीन बाकी हाय. तू तुज्या मनचं घे कुठलं पन."

भामाकाकी त्याच्याकडे बघत राहिली.

"माज्या मनचं?"

"हां."

"परत इचारते, पोरा. माज्या मनचं घेव?"

"घे गं बाय. मास्तरांची फीत वाया चालली."

ही चूक फक्त शिकलेल्या आगऱ्याच्या हातून होऊ शकली असती. मुंबईच्या माणसाला नाव लागते हेच ठाऊक नसते. ओव्यातल्या अडाणी माणसाने नवरीचे नाव धवलारणीवर सोडण्याचे धाडस केले नसते. धर्मराजला रीत माहीत होती, आणि ती आता केवळ अभ्यासाचा विषय आहे अशी त्याची खात्री होती.

भामाकाकीने हळद मागितली. हायमची बायको शुलामिथ स्वयंपाकघरातून वाटी घेऊन आली.

"वहिनी, आज तुमच्या घरात लग्न," धर्मराज म्हणाला.

"जेवायला माणसं किती, तेवढं सांगा," शुलामिथ म्हणाली आणि उंबऱ्यावर बसली.

भामाकाकीने धर्मराजच्या कपाळाला हळद लावली. दुसरे बोट हळदीत बुडवून तिने आपल्या शेजारच्या रिकाम्या पाटाला लावले. मग डोळे मिटून ती गाऊ लागली.

खिडकी बंद होती. पंखा बंद होता. खोलीत तिच्या आवाजाखेरीज फक्त यंत्राची घरघर होती. गाण्यात नवऱ्याचे नाव येत होते, धर्मराज. नवरीचे येत होते, जनी.

"मांडवाच्या दारी कोन उभी गो, कोन उभी..." ही ओळ गाऊन ती थांबली, कारण हायमने हात वर केला होता. फीत संपत आली होती. पुढचे काही क्षण नुसती शांतता मुद्रित झाली. मग फितीचे टोक सुटून रिळावर फटफटत राहिले.

तेवढा धवला अपुरा राहिला. भामाकाकीने चहा घेतला नाही. निघताना ती शुलामिथला म्हणाली, "आज दार जरा उगडं ठेव गो."

उकाड्यामुळे म्हणत असेल, असे शुलामिथला वाटले.

फीत धर्मराज घेऊन गेला. यंत्र हायमकडे राहिले. फीत वैशाखभर ओव्याच्या घरात, कौलांखाली, पत्र्याच्या ट्रंकेत पडून होती.

मग एका रविवारी सकाळी धर्मराज ती घेऊन दारात उभा राहिला. त्याचा चेहरा उतरला होता.

"भामाकाकी माझ्या लग्नात गाणार नाही म्हणते."

"का?"

"कारण सांगत नाही. एका नवऱ्याला किती येला गाऊ, एवढंच म्हणते. ती नाही म्हणाली तर शेजारच्या गावची धवलारीण पण येत नाही. आईनं अंथरूण धरलंय. गोदूचा बाप म्हणतो, धवल्याशिवाय पोरगी देणार नाही."

"दुसरं काही?"

धर्मराजने फीत पुढे केली.

"गेल्या रविवारी मी फीत आणली, तेव्हा तू ती लावून दिलीस आणि बाजारात गेलास. मी उतरवून घेत होतो. हायम, त्या फितीवर तिच्या आधी कोणीतरी गातंय."

त्यांनी फीत लावली. खिडकी बंद केली.

घरघर. शांतता. आणि मग... फार लांबून आल्यासारखा, अगदी बारीक, एका बाईचा आवाज.

तीच ओळ.

क्षणभराने भामाकाकीने ती ओळ खणखणीत आवाजात गायली.

पुढच्या कडीआधीही तेच. आधी तो बारीक आवाज... मग भामाकाकी. जणू कोणी तिला ओळ सुचवत होते.

धर्मराजने हात मांडीखाली दाबून धरले होते.

हायमने यंत्र बंद केले आणि तो हसला.

"घाबरलास? अरे, फीत रिळावर गुंडाळलेली असते. वेढ्यावर वेढा. ती तापली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. ओल्या शाईचा कागद घडी केल्यावर उमटतो तसा. म्हणून गाणं यायच्या आधी त्याचा ठसा ऐकू येतो. तू ती कौलाखाली भाजलीस."

"नक्की?"

"नक्की म्हणजे काय? करून दाखवतो."

त्याने करून दाखवले. दुसऱ्या कोऱ्या फितीवर त्याने शुलामिथला थांबून थांबून गायला लावले. ती फीत धर्मराजच्याच ट्रंकेत, त्याच जागी ठेवली. काही आठवड्यांनी लावून पाहिली. प्रत्येक ओळीच्या आधी पुसटशी शुलामिथ होती.

धर्मराजने इतका मोठा श्वास सोडला की शुलामिथ आतून म्हणाली, "मास्तर, त्यांना पाणी द्या आधी."

"वहिनी, तुमचं भूत तुमच्याहून गोड गातं."

"मग त्यालाच सांगा पोळ्या करायला."

हसत हसतच हायमने धवल्याची फीत पुन्हा लावली आणि शेवटपर्यंत जाऊ दिली. त्या रविवारी ते मध्येच थांबले होते.

"मांडवाच्या दारी कोन उभी गो, कोन उभी..."

भामाकाकी थांबली. आता फक्त शांतता उरली होती.

घरघर.

आणि मग...

"आले गो बाय, दार लावू नका."

बारीक. घोगरा. अगदी जवळून.

फितीचे टोक सुटले आणि फटफटू लागले. ते थांबवायला कोणी उठले नाही.

ठसा पडायला मूळ आवाज लागतो. त्या ओळीच्या पुढे फीतच नव्हती. जी ओळ फितीवर नाही, तिचा ठसा कोणत्या वेढ्यावरून उमटणार?

हायमने एकेक शक्यता घेतली. फीत वापरलेली होती का? नाही, वेष्टन त्यानेच फोडले होते. नंतर कोणी तिच्यावर मुद्रण केले का? त्याला यंत्र लागते, आणि ते त्याच्या कुलपात होते. तो बाजारात असताना धर्मराज यंत्रापाशी एकटाच होता हे खरे, पण तो आवाज पुरुषाचा नव्हता. शेवटी तो शुलामिथकडे वळला.

"तू त्या दिवशी उंबऱ्यावर होतीस. चुकून काही गुणगुणलीस?"

"अहो, मला ती कडी येत असती तर मी धवलारीण झाले असते, तुमची बायको नाही. माझ्यावर संशय?"

"संशय नाही. तू एक शक्यता आहेस."

"भारीच मान दिलात," ती म्हणाली. पण तिचा आवाज नेहमीसारखा नव्हता. "त्या दिवशी ती मला दार उघडं ठेव म्हणाली होती. मी तुम्हाला सांगितलं नाही. त्यात सांगण्यासारखं काही वाटलं नाही."

दुसऱ्या दिवशी दोघे मित्र ओव्याला गेले. भामाकाकी ओटीवर सुकट निवडत होती. ती ओव्यात आली तीच विधवा होऊन. त्याआधीचे तिचे कोणाला फारसे ठाऊक नव्हते.

"काकी, जनी कोन?" धर्मराजने विचारले.

तिने मान वर केली नाही.

"माजी पोर. हलद लागली व्हती. मांडव घातलेला. तापानं नेली." सुपात बोटे फिरत राहिली. "दुनियेची लग्ना लावली मी. तिचं रायलं. तू नाव माज्यावर सोरलास. मी परत इचारलं. मंग कोनाचं घेनार व्हते मी?"

धर्मराज ओटीच्या कडेला बसला.

हायमने आपला प्रश्न विचारला. "फीत संपल्यावर तुम्ही पुढची ओळ गायलात का? अगदी हळू?"

"कोनती?"

हायमने ओळ म्हणून दाखवली.

तिची बोटे थांबली.

"ती कडी धवलारीन नाय गात, मास्तर. ती नवरीची कडी. आमी इचारायचं, दारी कोन उभी. नवरीनं उत्तर द्यायचं. नवरी लाजली तं करवली देते. मी नाय." मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिले. "पेटीत हाय ती कडी?"

"एक आवाज आहे," हायम म्हणाला.

"मना आयकवा."

त्याच संध्याकाळी, उजेड असतानाच, तिने हायमच्या खोलीत ती ओळ ऐकली. पुन्हा लावा म्हणाली. पुन्हा ऐकली. रडली नाही. पदराने यंत्रावरची धूळ पुसली.

"तापात घसा बसला व्हता तिचा," ती म्हणाली. "आजून तसाच हाय."

हायमने यंत्र बंद केले.

"मी गाईन तुज्या लग्नात," ती धर्मराजला म्हणाली. "पन गोदू दुसरी. तिच्या गल्यात सवतीची पुतली पायजे."

पहिली बायको वारली की दुसरीने तिच्या नावाची सोन्याची पुतळी गळ्यात घालायची, ही रीत सगळ्यांनाच ठाऊक होती. पण धर्मराजला पहिली बायको होती, हे उरणला जाऊन सांगायचे कोणी?

तो स्वतः गेला. गोदूला घराच्या मागे, जाळी वाळत होती तिथे, त्याने सगळे सांगितले. काही लपवले नाही. ती ऐकत राहिली.

"दिसते कशी?" तिने विचारले.

"कोनी पायली नाय. नुसता आवाज."

"मंग बरं. सवत हाय ती मेलेली, जित्ती नाय." मग जाळीची एक गाठ सोडवत, "पुतली सोन्याचीच घाला. पितलंची घातलीत, तं ती मना झोपू नाय देनार."

लग्न लागले. भामाकाकी गायली. "मांडवाच्या दारी कोन उभी," असे तिने विचारले तेव्हा हायम मुद्दाम दाराजवळ जाऊन उभा होता, कान देऊन. गोदूने उत्तर स्पष्ट म्हटले. एकच आवाज आला. इतक्या बायकांच्या गलक्यात दुसरा ऐकू आला असता का, हे मात्र तो खात्रीने सांगू शकला नाही.

धर्मराजला पदवी मिळाली. प्रबंधात त्या धवल्याची संहिता आहे. शेवटची ओळ नाही. फीत अजून हायमकडे आहे. ती तो ट्रंकेत ठेवत नाही, कपाटातही नाही. ती उंबऱ्याजवळच्या फळीवर असते, आणि शनिवारी, शब्बाथच्या विसाव्याच्या दिवशी, दिवे लागेपर्यंत दार लावायला तो विसरतो, असे शुलामिथ म्हणते.

एकदा तिने त्याला सरळ विचारले, "तुमच्या विज्ञानाला कारण सापडलं की नाही?"

"सापडलं," हायम म्हणाला.

आणि त्याने ते सांगितले. आधीच्या सर्व ओळींचे कारण उष्णतेने उमटलेला ठसा. शेवटच्या ओळीचे कारण असे की, धर्मराज घरतचे पहिले लग्न चैत्रात, या खोलीत, रीतसर लागले, आणि नवरी आली होती.