किळसेची चावी

हे मी लिहिणारच नव्हतो. लिहायला बसलो की तोंडात पाणी सुटतं. भुकेचं नव्हे, उलटीच्या आधी सुटतं ते. पण फोन सारखा वाजतोय आणि मला तो उचलायचा नाही, म्हणून हात टायपिंगला लावलेत.

घाणीत काम करणाऱ्या प्रत्येकाच्या कानामागे आता 'निकिळ' असतं. तांदळाच्या दाण्याएवढं यंत्र. मेंदूत खोल एक घडी असते, तिथे किळस तयार होते. निकिळ त्या घडीला झोपवतं. वास येतो, दिसतं सगळं, फक्त पोटात ढवळत नाही. सुरुवातीला गटारात उतरणाऱ्यांना बसवलं, तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी पण. आता निकिळ नसेल तर तसल्या कामाला कुणी उभंच करत नाही.

माझा मित्र बिरू मिरजेच्या बाहेर, हायवेला लागून, खरकट्यापासून गॅस करतात त्या प्लँटवर आहे. मंगल कार्यालयांचं, हॉटेलांचं उष्टं टँकरनं येतं आणि सरकत्या पट्ट्यावर पडतं. बिरू आणि इतर जण त्यातली हाडं, चमचे, प्लास्टिक हातानं वेचतात.

आणि हा बिरू कोण? शाळेत असताना मी त्याच्या पेरूला एक चावा घेतला, तर अख्खा पेरू ओढ्यात फेकून दिला होता यानं. "तुझं उष्टं मी खाऊ व्हय?" असा माणूस.

त्याच्या बायकोनं, कोमलवैनीनं, मला बोलावलं ते दुधावरून.

"दिगूभावजी, नासकं दूध पाजलं ह्यांनी पोराला. गुठळ्या चमच्यानं बाजूला सारून. पोरगं दोन दिस सलाईनवर हुतं, आणि ह्यांना विचारलं तर म्हणत्यात, आंबट हुतं जरा."

बिरू खाटेवर पडून मॅच बघत होता. "आलं ना पोट आता जाग्याव? मग?" म्हणाला. मान पण वळवली नाही.

मी इंजिनिअर-बिंजिनिअर नाही. बारावीनंतर मोबाईल दुरुस्तीचं दुकान टाकलं, बाकी सगळं व्हिडिओ बघून आणि यंत्रं बिघडवून शिकलो. माझ्या लॅपटॉपवर नेटकॅट नावाचं एक जुनाट अवजार आहे, आमच्या जन्माच्या आधीचं. चित्रं नाहीत, बटणं नाहीत, काळ्या पडद्यावर एक ओळ टाइप करायची. नेटवर्कवरच्या प्रत्येक यंत्राला हजारो दारं असतात. त्यांना पोर्ट म्हणतात, प्रत्येकाला नंबर. नेटकॅट एकेका दारावर टकटक करत जातो. बहुतेक बंद असतात. एखादं उघडलं की तो तिथून सरळ नळी टाकतो. आपण इकडून टाइप करायचं, तिकडचं यंत्र काय बोलतं ते वाचायचं.

निकिळ घरच्या वायफायला जोडलेलं असतं. बिरूला म्हटलं, "तुझ्या डोक्यात जरा बघू का?"

"बघ की. हाय काय त्यात?"

तो मॅच बघत राहिला आणि मी त्याच्या डोक्यावर टकटक करत राहिलो. एक दार उघडं निघालं. पासवर्ड नाही, कडी नाही, काही नाही. देवळाचं पण दार रात्री लावतात लेको! मी 'हेल्प' टाइप केलं, तर यंत्रानं स्वतःला काय काय येतं ते सगळं सांगितलं. मग जुन्या नोंदी मागितल्या.

माणसाची पूर्ण किळस म्हणजे शंभर. कामावर ती तीस ठेवतात, ते करारातच आहे. सुटी झाली की परत शंभर व्हायला हवी. होत नव्हती, घरी पण तीसच. आणि रोज जेवणाच्या सुट्टीत कुणीतरी बाहेरून त्याच दारानं आत शिरून ती शून्यावर नेत होतं.

"बिऱ्या, जेवायच्या सुट्टीत काय होतं रं तिकडं?"

"काय हुतंय? जेवतो."

"काय जेवता?"

"पट्ट्यावरचं."

वैनीच्या हातातला कुकरचा डबा तसाच राहिला.

"लग्नाचं असतंय लेका," बिरू मला समजावू लागला. "परवा बासुंदी हुती. डबं मुकादमानं बंद केल्यात, पट्टा थांबाय नगं म्हणून. उभ्या उभ्या उचलायचं आणि खायाचं. हे बघ."

त्यानं मोबाईल पुढे केला. मुकादमानं काढलेला व्हिडिओ होता, त्यांच्या ग्रुपवर टाकलेला. बिरू कुणीतरी चघळलेल्या हाडाला चिकटलेला जिलेबीचा तुकडा सोडवतोय. त्यात अडकलेली दातकोरणी काढतोय. तोंडात टाकतोय. मागून मुकादम ओरडतोय, "लाजू नका वऱ्हाडी मंडळी, आग्रह करायला आलोय!" आणि सगळे हसतात. बिरू पण.

मी बाहेर जाऊन थुंकून आलो.

निकिळच्या खोक्यावर तक्रारीचा नंबर होता. बरंच फिरवून शेवटी पुण्याच्या डॉ. देवस्थळी लाईनवर आल्या. यंत्र बनवणाऱ्यांपैकी एक.

"दार उघडं कसं ठेवलंत मॅडम?" मी विचारलं.

"दुरुस्तीसाठी होतं ते. बंद करायचं राहिलं."

"बरं. खरकटं खातो हे समजलं. पण मुकादम त्याच्यावर हसतो, त्याचं काहीच कसं वाटत नाही याला? एवढा तापट माणूस!"

"सडलेलं मांस बघून मेंदूची जी घडी जागी होते ना, तीच अन्याय बघूनही होते. आतली 'शी' एकच आहे. घाणीची झोपवली की अन्यायाची पण झोपते. आम्हाला चाचणीत दिसलं होतं ते. माणसं भांडेनाशी झाली."

"मग?"

"अहवालात 'स्वभावात सुधारणा' असं लिहिलं आम्ही."

त्याच पुढे म्हणाल्या, "वाढवणार असाल तर हळूहळू वाढवा. आणि ऐका. किळस परत येईल, पण ती कुणाची यावी हे यंत्र ठरवत नाही."

हे शेवटचं वाक्य मी नीट ऐकलं नाही.

बिरूला विचारलं, वाढवू का? "वाढीव की, मला काय," म्हणाला. मी आकडा टाकत गेलो. साठाला त्यानं स्वतःचा शर्ट हुंगून काढून टाकला. ऐंशीला टीव्ही बंद केला. शंभरला मोरीकडे पळाला. पोटातलं सगळं संपलं, नुसतं हिरवं पित्त पडायला लागलं, तरी थांबेना. वैनी पाठ चोळायला गेली तर अंग चोरून म्हणाला, "हात नगं लावूस मला."

मग त्यानं तो व्हिडिओ परत बघितला. मला वाटलं, आता मुकादमाच्या आईबहिणीचा उद्धार होणार. मुकादमाचं नावसुद्धा काढलं नाही त्यानं. भांड्याची घासणी घेतली आणि हात घासत बसला, कातडी सोलेपर्यंत. पोरगं जवळ आलं तर भिंतीला सरकला.

"दिग्या, माझीच किळस यायला लागलीया रं. ह्याच हातानं पाजलं मी त्याला. बंद कर ते. पाया पडतो तुझ्या."

खरंच पडला. माझी बोटं कीबोर्डवर होती. एक ओळ टाकली की माणूस मॅच बघायला मोकळा.

वैनीनं लॅपटॉपवर हात ठेवला. "बंद केलंत तर हे उद्या परत खात्यात. आणि हसत्यात."

पोरगं त्या घासणीशी खेळत होतं. बिरूनं ती त्याच्या हातातून अलगद काढून घेतली, पोराला हात न लावता.

"ऱ्हाऊ दे शंभर," म्हणाला. "सकाळी जातो कामावर. आमच्यातल्या एकानं तरी शी म्हणाया पायजे. न्हायतर बाकीच्यास्नी कळंल कसं?"

"मुकादम दुपारी परत शून्य करेल."

"मग कुलूप घाल दाराला. चावी तुझ्यापाशीच. मला बी सांगू नगंस. मी मागंन, दिग्या. दुपारपतुर मागंन बघ."

कुलूप घातलं. माझ्याशिवाय कुणाला माहीत नसलेला एक शब्द. आता बिरूला किती किळस यावी हे माझ्या हातात. कालपर्यंत मुकादमाच्या हातात होतं. या विचारानं मला स्वतःचे हात धुवावेसे वाटतात, आणि मी मघापासून मधेमधे उठून ते धुतोय.

दुपारी पहिला फोन आला. मागे पट्ट्याचा खडखडाट. "सांगितलं त्यास्नी. हसत्यात लेका. म्हणत्यात, बिऱ्या आजारी हाय, घरी न्या. एकानं माझ्या तोंडाम्होरं लाडू धरला." मग आवाज बारीक झाला. "एका तासापुरती चावी दे. तासानं परत वाढीव."

मी नाही म्हणालो. तेव्हापासून फोन वाजतोय.

बिरू, चावी मी देणार नाही. रड, शिव्या दे, पोराची शपथ घाल. तूच मागितलं होतंस हे तुला आठवेनासं झालं, तरी मी विसरणार नाही.