उजवी बाजू वर

सकाळी दहाच्या बसनं ओरिए निघाली तेव्हा तिच्या मांडीवर कापडात बांधलेली बाहुली होती आणि शेजारी तिचा सहकारी हिगाशिदे डुलक्या काढत होता. बाहेर जपानच्या तोयामा शहराचं नेहमीचं ओलं बर्फ पडत होतं.

बाहुली म्हणजे खरं तर यंत्रच. एकट्या म्हाताऱ्यांना सोबत म्हणून ओरिए तीन वर्षं ते घडवत होती. चेहरा मऊ रबराचा, आत सतरा मोटरी. कुठली भुवई उचलायची, कुठली पापणी मिटायची, ओठांचा कोपरा खाली ओढायची. वजन दोन किलो चारशे ग्रॅम, कारण थकल्या हातांना ते उचलता आलं पाहिजे. एकेका स्क्रूवरून ती हिगाशिदेशी भांडली होती. भावना मात्र अजून यंत्राच्या स्वतःच्या नव्हत्या. चाचणीच्या वेळी हिगाशिदे शेजारच्या खोलीत बसून बटणं दाबायचा, आणि समोरच्याला वाटायचं, बाहुलीच रुसली. या धंद्यात सगळे असंच करतात. आधी माणूस लपून बसतो, मग त्याच्या जागी प्रोग्रॅम येतो.

आजची चाचणी मात्र कुणी ठरवून दिलेली नव्हती. वृद्धाश्रमात ओरिएची आई होती. ओरिएची धाकटी बहीण सायो दोन महिन्यांपूर्वी बर्फावरून घसरलेल्या गाडीखाली गेली, तेव्हापासून आईचं खाणं कमी कमी होत गेलं आणि आता ती तोंडच उघडत नव्हती. नळीनं भरवायचं नाही, असं तिनं पूर्वीच लिहून दिलं होतं. डॉक्टर म्हणाले होते, फार तर आठवडा. ओरिएला काही सुचत नव्हतं. तिला एकच गोष्ट येत होती, ती घेऊन ती निघाली होती.

आई झोपली होती. खोलीत औषधाचा आणि गार झालेल्या पेजेचा वास होता. सायोच्या लहानपणच्या किमोनोतून शिवलेला छोटा किमोनो ओरिएनं घाईघाईनं बाहुलीला नेसवला. नेसवून होतंय तोच आईनं डोळे उघडले. बाहुलीच्या गळ्याकडे ती बराच वेळ पाहत राहिली.

"तिला असं कुणी नेसवलं…?"

ओरिएनं पाहिलं. समोर बसून नेसवताना डावं-उजवं उलटं झालं होतं. जिवंत माणसाच्या किमोनोची डावी बाजू गळ्यापाशी उजवीच्या वर असते. उजवी वर येते ती फक्त मेलेल्याच्या अंगावर. चार वर्षांच्या पोरीलाही हे कळतं, आणि ओरिए तर एकेचाळीस वर्षांची होती.

ती सारखं करायला वाकली, तेवढ्यात बाहुलीच्या भुवया हळूच वर गेल्या. मान एका बाजूला कलली. आणि आईनं तोंड उघडलं. ओरिएनं पेजेचा चमचा पुढे केला. एक गेला, दुसरा गेला, वाटी रिकामी झाली. रडत रडतच ती हिगाशिदेचे आभार मानायला शेजारच्या खोलीत गेली.

तो लॅपटॉपवर चापट्या मारत होता.

"ओरिए-सान, जोडणीच होत नाहीये. आल्यापासून एक बटण दाबलेलं नाही मी."

तिनं परत जाऊन गळा सारखा केला. बाहुली निव्वळ रबर झाली आणि आईचे ओठ मिटले. संध्याकाळी एक चमचाही गेला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी ओरिएनं दार लावून घेतलं आणि जाणूनबुजून उजवी बाजू वर आणली. ज्याची आई डोळ्यांदेखत उपाशी मरत नसेल त्यानं तिला खुशाल वेडी म्हणावं. आई जेवली.

नऊ दिवस जेवली. पेज, मग भात, मग मासा. "आजी, आता माझा डबासुद्धा लपवायला हवा," म्हणत परिचारिका तोकुनागा हसायची. दहाव्या दिवशी आईचं वजन मात्र तिनं दोनदा केलं. दीड किलो कमी झालं होतं.

ओरिएनं बाहुली उचलली, तर हात खाली ओढले गेले. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तिनं ती ठेवली. तीन किलो नऊशे. पाठ उघडून पाहिली. सतरा मोटरी, बॅटरी, एक स्क्रू जास्त नव्हता.

खोलीत परतून तिनं बाहुली आईच्या कुशीत दिली आणि गळ्याला हात घातला. आईनं तिचं मनगट धरलं. त्या काटकीसारख्या बोटांत इतका जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"राहू दे."

"आई, ही तुला…"

"माहीत आहे." आईनं दम घेतला. "सायो गेली त्या सकाळी रागाच्या भरात मी तिच्या पुढ्यातली वाटी ओढून घेतली. पोर उपाशी गेली, ओरिए… भरव."

ओरिए उभीच राहिली. गळा सारखा केला तर आठवडा. नाही केला तर किती दिवस, ते तिनं मनात मोजलं. फार नव्हते. तिला आई हवी होती, आणि दोन्हीकडून आई जातच होती. पण दोन महिन्यांत पहिल्यांदा त्या चेहऱ्यावर हसू होतं.

ती बसली. चमचा भरून तिनं आईच्या ओठांशी नेला. आईनं तोंड मिटलं, आणि गिळल्याचा आवाज आला… तो आईच्या कुशीतून आला. बाहुलीच्या मानेत तारांखेरीज काही नव्हतं. तिथं घसा बसवायचा नाही, हे ओरिएनंच ठरवलं होतं.

तिनं पुढचा चमचा भरला.