चढावरच दम का जातो?

चढाच्या मध्यावर ट्रकनं पुन्हा मान टाकली. पाय तळाला टेकवला तरी इंजिन रडतच राहिलं आणि मागे काळाकुट्ट धूर सुटला. ताईनं गाडी कशीबशी कडेला घेतली, चाकांना दगड लावले आणि घरी फोन केला.

जीपमधून तिघे आले. तिचे वडील अण्णा, ज्यांची ही गाडी. थोरला भाऊ दादा, ज्याची ही जीप. आणि गॅरेजवाला वस्ताद. दादा उतरल्या उतरल्या सुरू झाला. बाईच्या हातात गाडी दिली की हेच व्हायचं, इंजिनची वाट लावली हिनं, उद्या भंगारवाल्याला बोलावून मोकळं होऊ. वस्तादनंही लांबूनच सांगून टाकलं की इंजिनात हवा कोंबणारा टर्बो गेला. उचलली जीभ, लावली टाळ्याला! अण्णा तेवढे गप्प होते.

"गाडी गेली तर मी काय करायचं?" ताईनं विचारलं.

"घरी बसायचं," दादा म्हणाला.

ती बसणाऱ्यातली नव्हती. हे स्टिअरिंग तिनं घरादाराशी भांडून मिळवलं होतं. "आधी गाडीचा दम चोरणारा चोर दाखवते," ती म्हणाली, "मग काय विकायचं ते विका."

तिनं केबिनमधलं इंजिनचं झाकण उघडलं. आतून डिझेलचा वास आला, पण गळती कुठेच दिसेना. सगळं नव्यासारखं चकाकत होतं. रोज सकाळी फडकं घेऊन गाडी पुसल्याशिवाय अण्णांना चहा गोड लागत नसे. पत्रा, नळ्या, रबरी पाइप, त्यांच्या हातून काही सुटत नसे.

"वस्ताद, काळा धूर कशाचा?"

"डिझेल पोचतंय, हवा कमी पडतेय."

"म्हणजे डिझेलचा पंप संशयातून सुटला. आता टर्बो ऐका."

तिनं उभ्या गाडीतच इंजिन फिरवलं. टर्बोची शिट्टी स्वच्छ वाजली.

"मेला असेल तर शिट्टी कोण मारतंय? चोर सोडून संन्याशाला फाशी देताय."

वस्ताद डोकं खाजवायला लागला. ताईनं मग हवेचा फिल्टर उघडला. तो दादानं नुकताच बदलून आणला होता. त्यात बोळा नव्हता, धूळ नव्हती. दादा उखडला, माझ्यावर संशय घेतेस का म्हणाला.

"होता," ती म्हणाली. "आता नाही."

उभी असताना ठणठणीत आणि चढावरच दम जातो, तर चोरी चढावरच पकडायला हवी होती. तिनं दगड काढायला लावले. वस्तादला उजेडासाठी बॅटरी देऊन उघड्या झाकणापाशी गुडघ्यांवर बसवलं आणि फिल्टरपासून टर्बोकडे जाणारा जाड रबरी पाइप बघत राहायला सांगितलं. पाय पूर्ण दाबला. गाडी चार हात चढली आणि गळपटली.

"पाइप आत ओढला गेला! पार चपटा! पाय काढलास तसा परत गोल," वस्ताद ओरडला.

ताई खाली उतरली आणि सगळ्यांना सांगितलं. जोर लागतो तेव्हा टर्बो हवा खेचतो. कडक पाइप ती ओढ सोसतो, हा मात्र मऊ पडून स्वतःच मिटतोय. गाडी थांबली की पुन्हा गोल होतो, म्हणून तपासताना सापडत नाही.

"मऊ कशानं पडला?" दादानं विचारलं.

"डिझेलनं," ती अण्णांकडे न बघता म्हणाली. " डिझेल लावलं की रबर आधी चमकतं, मग लिबलिबीत होतं."

"पण गळती तर नाही."

"नाहीच. कुणीतरी रोज डिझेलच्या फडक्यानं प्रेमानं चोळतंय."

सगळ्यांनी अण्णांकडे बघितलं. अण्णांनी स्वतःच्या हातांचा वास घेतला आणि मान खाली घातली.

वस्ताद जीप घेऊन गेला आणि नवा पाइप आणून बसवला. तोच ट्रक, तोच माल, पण चढ एका दमात संपला. वर पोचल्यावर दादा खुशीत म्हणाला की आता भंगारवाला कशाला, चांगलं गिऱ्हाईक मिळेल.

तेव्हा अण्णा बोलले. "पाइप मी मारला. बोलणी हिनं खाल्ली आणि मी गप्प ऐकत राहिलो. गाडी माझ्या नावावर आहे, ती हिच्याच हातात राहील. तुला विकायचंच असेल तर तुझी जीप विक."

आणि आयुष्यात पहिल्यांदाच ते क्लीनरच्या बाजूनं केबिनमध्ये चढले.