उपाशी शेवाळ

सकाळी आठला चौकशी अधिकारी बाईंचा फोन खणखणला. संस्थेचे प्रमुख ओरडत होते, "लगेच या! सात वर्षांचं शेवाळ बाद झालंय. संध्याकाळी मला एका बाईला कामावरून काढायचंय."

बाई पोचल्या तेव्हा ती संशोधक, सगळ्यांची ताई, बाटल्यांसमोर बसून होती. बाटल्या तर हिरव्यागार.

"बिघडलंय काय यात?"

"माझ्या शेवाळाच्या जातीत, हरितलवकातल्या एका जनुकात इंट्रॉन नव्हता. म्हणजे जनुकात मध्येच घुसून बसलेला तुकडा. आता प्रत्येक बाटलीत तो आहे."

"आला कुठून?"

"शेजारच्या फडताळातल्या जातीत तो आहे. तो स्वतःची कात्री बनवतो, एक एन्झाइम. दोन जातींचं मीलन झालं की कात्री माझं जनुक नेमक्या जागी कापते. जखम भरताना पेशी दुसऱ्या जातीच्या जनुकाची नक्कल करते आणि तुकडा आत येतो. पुढची पिलावळ तशीच."

"हलगर्जीपणा!" प्रमुख गरजले. "साक्षीदार आहे."

साक्षीदार म्हणजे ताईचा सहकारी. सदा दात काढायचा म्हणून सगळे त्याला हसऱ्या म्हणत.

"काय पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"ताईने एकच ड्रॉपर दोन्ही जातींत बुडवला. भरल्या बाटलीत एक थेंब पडला, की झालं कल्याण!"

"शेवाळाचं खाद्य शिजवणारे काका रजेवर होते म्हणे. तेव्हा ते कुणी शिजवलं?"

"मीच. चार लिटर, सगळं नेहमीसारखं मोजून."

बाई काकांकडे गेल्या.

"काका, शेवाळाला मीलन कधी सुचतं?"

"पोट भरलेलं असलं की नुसतं वाढतं हो. नायट्रोजनचं मीठ बंद केलं, उपाशी ठेवलं, की मग जोडीदार शोधतं."

"तुम्ही कधी बंद केलंत?"

"छे! ही बरणी बघा. लोक न विचारता मीठ पळवतात, म्हणून मी पेन्सिलीने रेघ मारून ठेवतो. रजेआधी मारली होती ती ही."

मीठ रेघेला टेकलेलं होतं. काका त्या सकाळीच परतले होते.

दुपारी बाईंनी चौघांना एका खोलीत बसवलं.

"थेंब पडला असेल, नसेल. भरल्या पोटी मीलन होत नाही. कुणीतरी मुद्दाम उपाशी ठेवलं. चार लिटर खाद्य शिजलं आणि बरणीतलं मीठ चिमूटभरही हललं नाही. त्या खाद्यात ते शिजवणाऱ्याने दोन्ही जाती एकत्र केल्या, पिलावळ वाढवली आणि ताईंच्या बाटल्या ओतून देऊन त्यांत ती भरली. काय हो, हसऱ्या?"

हसऱ्याचे दात दिसेनासे झाले. मग तो उसळला, "हो, केलं! हिने शोधनिबंधातून माझं नाव उडवलं. दोन वर्षं आतल्या आत जळलोय मी. हिचं सगळं मातीत घालायचं होतं मला!"

ताई पहिल्यांदाच उठली.

"नाव मीच काढलं. तुझे आकडे खोटे होते. घरी म्हातारी आई आहे, नोकरी जाईल, म्हणून कुणापाशी ब्र काढला नाही."

हसऱ्या पुटपुटला, "ताई, चुकलं माझं... ते आकड्यांचं चौकशीत नको ना आणू."

ताईने कपाट उघडलं आणि त्याची जुनी वही बाईंसमोर ठेवली.

"हेही लिहून घ्या. प्रत्येक खोटा आकडा. मी समोर बसून दाखवते."