चढावर दोघं

चावी माझ्या हातात होती आणि हेल्मेट त्याच्या.

शोरूममधल्या सेल्समनने गडबडीत एकच इलेक्ट्रिक स्कूटर एकाच वेळी दोघांना चालवून बघायला दिली होती. दारासमोर ती राखाडी गाडी उभी, तिच्या एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तो. उंच, किंचित वाकून उभा राहणारा. शर्टाच्या खांद्यावर कसले तरी पांढरे केस चिकटलेले.

"तुम्ही आधी," तो म्हणाला.

"नाही हो, तुम्ही माझ्या आधीपासून थांबलाय."

"थांबलोय मी, पण चावी तुम्हाला मिळाली. म्हणजे शोरूमचं मत तुमच्या बाजूने आहे."

मला हसू आलं. मी चावी पुढे केली, त्याने त्याच क्षणी हेल्मेट पुढे केलं आणि दोघांच्याही हातात नको ती वस्तू आली.

"खरं सांगू का," तो म्हणाला, "मी एकट्याने चालवून उपयोग नाही. मागे ओझं असताना ही चढावर कशी जाते ते बघायचंय. माझी बॅग जड असते. औषधं, सलाइनच्या बाटल्या, दोर..."

"दोर?"

"जनावरांचा डॉक्टर आहे मी. गाय काही आपणहून सुई टोचून घ्यायला येत नाही."

म्हणजे ते केस कुत्र्याचे किंवा शेळीचे असणार. मला का कोण जाणे, बरं वाटलं.

माझीही गत तीच होती. मी फिजिओथेरपिस्ट, ज्यांना दवाखान्यापर्यंत येववत नाही अशांच्या घरी जाऊन व्यायाम करून घेते. माझे निम्मे पेशंट डोंगरावरच्या वस्तीत राहतात. जुन्या पेट्रोल स्कूटरने महिन्याभरापूर्वी त्याच चढावर राम म्हटला होता आणि तेव्हापासून मी पायपीट करत होते. शिवाय घरी बाबा होते. त्यांना अर्धांगाचा हलका झटका येऊन गेल्यापासून ते घराबाहेर पडलेच नव्हते. त्यांना मागे बसवून नेता येईल अशी गाडी मला हवी होती. चढावर दम न सोडणारी, आणि मुख्य म्हणजे मध्येच दगा न देणारी.

"मलाही मागे माणूस बसवूनच बघायचीय," मी म्हणाले. "वजन किती तुमचं?"

विचारलं आणि जीभ चावली.

"इतक्या लवकर हा प्रश्न कुणी विचारला नव्हता मला," तो गंभीर चेहऱ्याने म्हणाला. "बहात्तर. आणि तुमचं?"

"ते नाही सांगणार."

"मग निम्मी चाचणी अंदाजानेच करावी लागणार."

जाताना मी चालवली, तो मागे. येताना तो पुढे. पहाटे पाऊस पडून गेला होता. रस्ता ओला, झाडांची पानं अजून टपटपत होती. गाडीचा आवाज असा नाहीच... नुसती एक बारीक गुणगुण. त्यामुळे बोललेला शब्द न् शब्द ऐकू येत होता. पेट्रोलच्या गाडीवर मागच्याशी बोलायचं म्हणजे ओरडावं लागतं. इथे तो हळूच म्हणाला, "वळणावर जरा घाबरता तुम्ही," आणि मी तेवढ्याच हळू म्हणाले, "मागे अनोळखी माणूस बसलाय म्हणून."

"मग ओळख वाढवायला हवी," तो म्हणाला.

मी वेग वाढवला. गाडी चढावर अशी झेपावली की त्याने घाईघाईने मागची कडी धरली. माझ्या जिवाला मोठा आनंद झाला.

पण पहिलीच बघितलेली गाडी कोण घेतं? अजून दोन कंपन्यांच्या गाड्या बघायच्या असं मी त्याला सांगितलं. "मलाही बघायच्यात," तो लगेच म्हणाला. "आणि तुम्हाला बहात्तर किलो लागणारच आहेत."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही दुसऱ्या शोरूममध्ये भेटलो. ती गाडी दिसायला फार देखणी होती. सपाटीवर वाऱ्यासारखी पळाली. आणि डोंगराच्या अर्ध्या वाटेवर तिच्या पडद्यावर एक लाल खूण लुकलुकली, वेग उतरत उतरत बैलगाडीचा झाला आणि मग ती थांबलीच. मोटर तापली होती.

"दहा मिनिटं विश्रांती द्या म्हणे," त्याने पडद्यावरची सूचना वाचली. "माझ्या पेशंटांना मी हेच सांगतो. पण ते तरी खरंच आजारी असतात."

आम्ही गाडी रस्त्याच्या कडेला लावून कठड्यावर बसलो. खाली शहराची छपरं ओली चमकत होती. तो म्हणाला, त्याला बिनआवाजाची गाडी हवी आहे ती जनावरांसाठी. फटफट ऐकली की गोठ्यातली बुजरी गाय दावं तोडायला बघते. आणि घाटावरच्या एका गोठ्यात तो गाडी बंद पडल्यामुळे वेळेवर पोचू शकला नव्हता, वासरू गेलं होतं. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मी हाताला हात लागेल इतक्या जवळ कठड्यावर हात ठेवला... आणि तसाच ठेवला.

मग मीही त्याला बाबांचं सांगितलं. बाबा आयुष्यभर बस चालवत होते. "पन्नास माणसं मागे बसवली मी, आता लेकीच्या मागे बसू?" असं म्हणून ते खुर्चीतून हलत नव्हते. पायात ताकद परत आली होती, मीच आणली होती ती. मन मात्र अडून बसलं होतं, आणि मनाचा व्यायाम कुठल्या पुस्तकात नसतो.

"मग गाडी तुमची नाही, त्यांची निवडायला हवी," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"आजारी जनावराला जबरदस्तीने उठवलं तर ते आणखी बसतं. समोर काहीतरी ठेवावं लागतं, ज्याच्यासाठी ते आपणहून उठेल."

"माझ्या बाबांना तुम्ही बैल म्हणताय?"

"छे छे! बैल बिचारा ऐकतो तरी."

मी त्याच्या दंडावर चापट मारली. मारल्यावर दोघंही त्या बंद गाडीकडेच बघत बसलो.

तिसऱ्या वेळी आम्ही शोरूमला गेलोच नाही. विकणारा गोड बोलणारच. दुखणं कळायचं तर दवाखान्यात जावं, हे आमचं दोघांचंही धंद्याचं मत. म्हणून पहिल्या, राखाडी गाडीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये जाऊन गिऱ्हाइकांच्या बाकावर बसलो. गाडी दाखवायला आलेल्यांना विचारत सुटलो. बॅटरी खरोखर किती चालते? पार्ट मिळायला किती थांबावं लागतं? पाणी साचलेल्या रस्त्यात कधी अडली का?

एक शिक्षिका म्हणाल्या, दोन वर्षं झाली, ब्रेकच्या पॅडशिवाय काही बदललं नाही. कंपनी सांगते तेवढं अंतर जात नाही, पण त्याच्या पाऊणपट जातेच जाते. मग आमच्या दोघांकडे बघत म्हणाल्या, "दोघांत एकच घेताय का? एकच घ्या. बोलणं राहतं."

"अहो, आम्ही..." मी सुरुवात केली.

"विचार चाललाय," तो म्हणाला.

माझे कान तापले. तेवढ्यात आतून तोच सेल्समन आला, पहिल्या दिवशीचा. डॉक्टरला बघून सेल्समनचा चेहरा फुलला. "अरे साहेब! बरं झालं भेटलात. तुमची गाडी येऊन पडलीय. पहिल्याच दिवशी बुक केलीत आणि न्यायला मात्र आला नाहीत!"

डॉक्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

"पहिल्याच दिवशी?" मी विचारलं.

"हो... म्हणजे..."

मी पर्स उचलली. मला खूप काही बोलायचं होतं. माझे रविवार, पुढे ढकललेले पेशंट, तो कठडा, ती तापलेली मोटर. सगळं खोटंच होतं का? पण मी नुसतंच "अभिनंदन" म्हणून बाहेर पडले. तो मागून हाक मारत आला, पण समोर बस लागली होती. मी चढले.

तो आठवडा फार शांत गेला. नको इतका शांत. मी पेशंटांचे पाय मोजून वाकवले, मोजून सरळ केले. त्याचा एक निरोप आला होता, "एकदा बोलायचंय." मी उत्तर दिलं नाही. बाबा माझ्याकडे चष्म्यावरून बघत होते.

"तो गाईंचा डॉक्टर आटपला वाटतं?" त्यांनी शेवटी विचारलं.

"त्याची गाडी ठरली, बाबा. काम संपलं."

"आणि तुझी?"

मी भांडी जरा जास्तच जोरात घासली.

रविवारी सकाळी बेल वाजली. दारात तो. हातात हेल्मेट, एक नाही, दोन. माझ्याशी बोलायच्या आधी तो माझ्या खांद्यावरून आत बघत म्हणाला, "काका, नवीन गाडी आणलीय. चालवायला बरी वाटते, पण माझा हात अजून बसलेला नाही. घाटात कुणीतरी जाणकार बरोबर असलेला बरा. येता का?"

मी तोंड उघडलं. पण बोलायच्या आधीच खुर्ची करकरली.

"गिअर नसलेली गाडी म्हणजे खेळणं," बाबा म्हणाले. पण उठले. काठी घेऊन, भिंत धरून, जिन्याची एकेक पायरी उतरत... आणि मी त्यांच्या मागून. खाली तो राखाडी स्कूटर धरून उभा राहिला. बाबांनी चाकांना हात लावून बघितला, ब्रेक दाबून बघितला आणि मग असे ऐटीत बसले, जणू गाडी त्यांच्याच मालकीची आणि समोरचा पगारी ड्रायव्हर.

गाडी आवाज न करता फाटकातून निघून गेली. मी तिथेच उभी राहिले. डोळे पुसायला रुमाल वर राहिला होता.

ते परतले तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. बाबांचे केस वाऱ्याने विस्कटलेले, गाल लाल. असे मी त्यांना किती दिवसांनी बघत होते!

"कुठपर्यंत गेलात?"

"पार खिंडीपर्यंत," बाबा म्हणाले. "मधल्या खड्या चढावर मुद्दाम थांबवायला लावली. थांबलेली गाडी चढावर पुन्हा उठते कशी, त्यात तिची लायकी कळते. उठली! तसूभर मागे आली नाही. ब्रेक विश्वासाचे आहेत. हा पोरगा वळणावर फार जपून चालवतो, पण ते येईल हळूहळू." मग जिन्याकडे वळता वळता म्हणाले, "तूही हीच घे. फक्त रंग दुसरा घे. रोज दोन्ही गाड्या इथेच लागणार, ओळखता यायला हव्यात."

आम्ही दोघंही जमिनीकडे बघायला लागलो.

बाबांना वर सोडून मी खाली आले, तर तो पार्किंगमधल्या, जिन्याला लागून असलेल्या प्लगला चार्जर लावत होता. "खिंडीपर्यंत जायचं ठरलं नव्हतं," तो ओशाळून म्हणाला. "बॅटरी तळाला गेलीय. थोडी चार्ज केल्याशिवाय घरी पोचणार नाही."

चार्जरवर हिरवा दिवा लुकलुकायला लागला. आम्ही जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलो, मध्ये हेल्मेट ठेवून.

"पहिल्याच दिवशी ठरली होती तर सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही अभिनंदन म्हणाला असतात आणि गेला असतात."

"ते तर मी नंतरही केलं."

"हो. पण मध्ये दोन रविवार मिळाले ना." तो हेल्मेटचा पट्टा बोटाला गुंडाळत होता. "चूक झाली. तुमचा वेळ घेतला, तोही तुम्हाला न विचारता. गाईशी, बकरीशी बोलताना माझं कधी अडत नाही. तुमच्यासमोर मात्र... दर वेळी ठरवायचो की आज सांगू. मला तुम्ही आवडता. गाडी हा सगळा बहाणाच होता. गाडी तशी चांगली आहे, तो भाग वेगळा."

वरच्या मजल्यावर कुणाचा तरी रेडिओ लागला आणि बंद झाला. माझा राग कुठे गेला ते मी शोधत होते, सापडेना.

"ती दुसरी गाडी, तापलेली," मी म्हणाले. "तिच्या शोरूमच्या मॅनेजरचा फोन आला होता. सेटिंग चुकलं होतं म्हणे, पुन्हा बघायला या. मी जाणार होते."

"ती घ्यायची होती तुम्हाला?"

"नाही. तुम्हाला बरोबर न्यायचं होतं."

त्याने मान वर केली. हसू आधी डोळ्यांत आलं, मग सावकाश खाली उतरलं. हेल्मेट त्याने उचलून पलीकडे ठेवलं. आता मध्ये काही नव्हतं, तरी अंतर तेवढंच राहिलं, कारण दोघांनाही धीर होत नव्हता. शेवटी मीच हात पुढे केला. त्याचा हात खरबरीत होता आणि अगदी स्थिर.

वर खिडकी उघडल्याचा आवाज आला. "झाली का रे चार्ज?" बाबांनी विचारलं.

तो दचकून उठला, पडद्यावर वाकला आणि त्याच्या कपाळाला आठी पडली. "मघापासून आकडा तिथेच कसा?" प्लगकडे गेला. मग वळून माझ्याकडे बघत राहिला. "बटण बंद आहे... मी तर चालू केलं होतं. तुमचा हात होता या बाजूला."

"माहीत आहे," मी म्हणाले. "बस ना तू जरा."

पहिल्यांदाच ऐकलं त्याने ते 'तू'. तो आला आणि बसला, या वेळी अंतर न ठेवता.

"वेळ लागेल, बाबा!" मी खिडकीकडे तोंड करून ओरडले. "बराच वेळ लागेल!"